लाकडी दिसणारी फरशी, कोकणातली हवा

महोदय,

मी कराडचा फरशी मिस्त्री. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-गुहागरकडेही कामं घेतो. आपल्या साताऱ्याकडच्या मंडळींनी तिकडे घर बांधलं की हल्ली लाकडी फरशीच हवी असते. खरं लाकूड त्या दमट हवेत फुगतं, वाळवीचा ताप वेगळाच. लाकडासारखी दिसणारी पोर्सिलीनची (पक्की भाजलेली) लादी अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, म्हणून तिथे तीच बरी. पण चकाकी बघून भुलू नका, मॅटच घ्या. पावसाळ्यात सगळे ओल्या पायांनीच आत येणार.

खरी गोम बसवण्यात आहे. या लादीची चार फुटी पट्टी मधोमध किंचित उचललेली असते. दोन पट्ट्या तोंडाला तोंड लावून धरा, टोकांना फट दिसेल. म्हणून विटांसारखा अर्ध्यावर सांधा घेऊ नये. एकीच्या उंचवट्याशेजारी दुसरीचं खाली गेलेलं टोक येतं आणि अंगठ्याला ठेच लागते. एक तृतीयांशावर घ्यावा. खाली सिमेंटचे चार गोळे टाकून उरकलेली लादी टिचकी मारली की पोकळ वाजते. अ‍ॅडेसिव्ह (लादी चिकटवायचा मसाला) दातेरी थापीने जमिनीवर ओढायचं, शिवाय लादीच्या पाठीलाही लावायचं. सांधा 3 मिमी, त्यात इपॉक्सीचा (पाणी न पिणारा) भराव. ‘सांधा दिसतो हो!’ म्हणून स्पेसर (सांध्याची फट राखणारे तुकडे) काढायला लावणारे मालक भेटतात, त्यांच्याशी मी भांडतो.

आणि पेट्या एकाच बॅचच्या, दहा टक्के जादा घ्या. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून पुढच्या खेपेला तीच छटा येईल याची खात्री दुकानदारही देत नाही.

– एक फरशी मिस्त्री, कराड (जि. सातारा)