एक बाटली म्हणजे एक बॅग? केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये आपण सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलंत. अनुदानित खताबरोबर नॅनो खतं (अतिसूक्ष्म कणांची, बाटलीतून येणारी, पानांवर फवारायची खतं) आणि बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारी औषधं) शेतकऱ्याच्या गळ्यात मारणं ताबडतोब थांबवा, असं त्यात होतं. पेपरातली ती बातमी मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. पंधराच दिवसांनी युरियाच्या चार बॅगा आणायला गेले, तर दुकानदाराने बॅगांआधी नॅनो युरियाच्या चार बाटल्या काउंटरवर मांडल्या. "लिंकिंग आहे मावशी. बाटली नको असेल तर बॅग मिळणार नाही." मी आपल्या पत्राचं सांगितलं. तो म्हणाला, "मला नाही आलं कुठलं पत्र."

266 रुपये 50 पैशांची एक बॅग, म्हणजे चार बॅगांचे 1,066 रुपये. त्यावर 225 प्रमाणे बाटल्यांचे 900. बाटल्यांचं बिल वेगळं फाडलं, त्यावर लिंकिंगचा शब्दही नाही. म्हणजे कागदोपत्री त्या मी हौसेने घेतल्या. तालुक्याला तक्रार द्यायला गेले तर पुरावा मागितला. मका पंचेचाळीस दिवसांचा झालेला, पाऊस उघडलेला, खत त्याच दिवशी पडायला हवं. अशा वेळी बाई बाटल्या घेईल की पुरावा गोळा करत बसेल?

बाटली न वापरता मी बोलत नाही. गेल्या खरिपात एका एकराला युरियाचा दुसरा हप्ता दिलाच नाही, नॅनो फवारला. आपल्या अधिकाऱ्यांनी कधी डोक्याएवढ्या मक्यात पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन फवारलं आहे का? पात हाताला, मानेला, गालाला चिरत जाते. एकरी आठ पंप. मजूर मिळाला नाही, म्हणून मी आणि माझ्या मुलाने मारले. बॅगेतला युरिया तासाभरात टाकून होतो, याला अख्खी सकाळ गेली आणि रात्रभर मान आखडली. पुढे खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत आली. मक्याला नत्र कमी पडल्याची ही खूण शाळा न शिकलेली बाईही ओळखते. कणसांची टोकं भरली नाहीत. शेजारच्या एकरात वीस क्विंटल झाला, या एकरात चौदा. ते सहा क्विंटल माझे गेले, साहेब. त्या पैशात मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची होती.

मग मी गणित करून पाहिलं. 45 किलोच्या बॅगेत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. सुरुवातीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. हजारावा हिस्सा! पुढे 20 टक्क्यांचं 'प्लस' आलं, त्यातही 100 ग्रॅमच. जमिनीत टाकलेला युरिया बराचसा वाया जातो हे मला मान्य आहे. समजा तीनातले दोन भाग वाया गेले, तरी पिकाला सात किलो नत्र उरतं. नॅनो कण पानाच्या छिद्रांतून शंभर टक्के आत गेला तरी 20 ग्रॅमचे सात किलो कसे होतील? हे कुणीतरी मला फळ्यावर लिहून दाखवावं.

सरकारने मात्र ते गृहीतच धरलं आहे. 2023 मध्ये मंत्रिमंडळाच्या निवेदनात होतं की आठ कारखान्यांतून वर्षाला 44 कोटी बाटल्या निघतील आणि त्या 195 लाख टन युरियाची जागा घेतील. 44 कोटींना 45 किलोने गुणा, 198 लाख टन येतं. म्हणजे एक बाटली बरोबर एक बॅग! युरियाचं अनुदान वर्षाला लाख कोटीच्या वर जातं, ते वाचवायची घाई मी समजू शकते. पण ती बचत माझ्या कणसांतून का?

11,000 शेतांवर, 94 पिकांवर चाचण्या झाल्या, उत्पन्न सरासरी 8 टक्के वाढलं, असं सांगितलं गेलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं स्वतः पेरून पाहिलं. अर्धा नत्र कमी करून नॅनो फवारल्यावर भात 13 टक्क्यांनी आणि गहू 21.6 टक्क्यांनी घटला, दाण्यातलं प्रथिनही कमी झालं. कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये या दाव्यांमागच्या विज्ञानावरच बोट ठेवलं. एवढ्यावर देशभर वाद व्हायला हवा होता. वाद झाला तो शास्त्रज्ञांमध्ये, आणि विक्री सुरू राहिली दुकानांमध्ये.

नॅनोशी माझं भांडण नाही. 2007 मध्ये या देशाने नॅनो मिशनसाठी 1,000 कोटी ठेवले, 2020 मध्ये शेतीतल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांगलं झालं. पण तपासणार कोण? राहुरी, परभणी, अकोला, दापोली ही आमची विद्यापीठं आहेत. तिथे मक्यावर, कपाशीवर, उसावर चार हंगाम चाचण्या घ्या आणि नापास झालेले प्लॉटही छापा. विकणाऱ्याचा पैसा त्यात नको. शेती आपल्याकडे, खत दुसऱ्या मंत्र्यांकडे, दुकानाचा परवाना राज्याकडे. मग बियाणं उगवलं नाही, औषध बोगस निघालं, खत दबावाने दिलं, तरी दोषी म्हणून कुणी सापडतच नाही. तीस वर्षं मी हेच बघते आहे. प्रत्येक नवीन शोधाची पहिली परीक्षा आमच्या रानात होते आणि नापासाचा खर्चही आम्हीच भरतो.

आपल्या पत्रानंतर लिंकिंगपायी किती दुकानांचे परवाने रद्द झाले, तो आकडा जिल्हावार जाहीर करा. यंदाच्या चार बाटल्या बिलासकट माझ्या घरी फळीवर आहेत, सील फोडलेलं नाही. आपला माणूस पाठवा. त्या परत घेऊन माझे 900 रुपये द्यावेत.

आपली,
मराठवाड्यातली एक मका उत्पादक