गुंतवणूकदाराला लवाद, गावकऱ्यांना काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी गुंतवणुकीचा करार झाला की किती अब्ज डॉलर येणार याची बातमी होते. उद्या तंटा झाला तर दाद कोणी, कुठे मागायची, हे क्वचितच छापून येते. अशा बहुतेक करारांत परदेशी कंपनीला यजमान सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचता येते. उरुग्वेने सिगारेटच्या पाकिटांवरचे इशारे मोठे केले, तेव्हा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने २०१० मध्ये हेच केले. २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला खरा, पण एवढ्याशा देशाला सहा वर्षे लढावे लागले. कंपनीने ज्यांची नदी नासवली, त्यांना मात्र या लवादाचे दार बंदच.

त्यांनी जायचे कुठे? भोपाळच्या वायुपीडितांचा खटला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये भारताकडे धाडला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. भारतीय उपकंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा युनियन कार्बाइडचा होता, तरी मूळ कंपनी ‘कारखाना आम्ही चालवत नव्हतो’ असेच म्हणत राहिली.

या पळवाटेला धक्का दिला तो झांबियाच्या गावकऱ्यांनी. तांब्याच्या खाणीचे सांडपाणी आमच्या पाण्यात मिसळते, अशी तक्रार घेऊन १,८२६ जण खाणीची मालक असलेल्या, ब्रिटनमध्ये नोंदलेल्या वेदांता कंपनीविरुद्ध थेट लंडनच्या न्यायालयात गेले. मायदेशी एवढा खटला लढवायला ना पैसा, ना वकिलांचे बळ. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला तिथे चालू शकतो असे सांगितले. यातली गंमत अशी की, साऱ्या समूहाच्या पर्यावरणविषयक कारभारावर आमची देखरेख असते, हे कंपनीनेच आपल्या अहवालांत मिरवले होते. तेच तिच्या अंगाशी आले! (यापुढे अहवाल लिहिणारे हात आखडते घेतील, ही भीती आहेच.) २०२१ मध्ये चूक कबूल न करता कंपनीने तडजोड केली.

कंपन्यांनी मानवी हक्क जपावेत यासाठीची संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे कंपन्यांवर बंधनकारक नाहीत. याच विषयावर बंधनकारक आंतरराष्ट्रीय कराराची बोलणी सुरू करण्याचा ठराव तिथे २०१४ मध्ये झाला. भारताने बाजूने मत दिले, अमेरिका व युरोपीय संघातल्या सदस्यांनी विरोधात. करार अजून झालेला नाही. मोठ्या कंपन्यांनी उपकंपन्यांतही मानवी हक्कांवर लक्ष ठेवावे, असा स्वतःचा कायदा फ्रान्सने २०१७ मध्ये केला, पण युरोपीय संघ आपला त्याच धर्तीचा २०२४ चा निर्देश लागू होण्याआधीच सैल करू लागला.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. भारताच्या २०१५ च्या नमुना गुंतवणूक करारात कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचे कलम आहे, पण ते पाळायचे स्वेच्छेने. आता भारतीय कंपन्याही बाहेर खाणी आणि जमिनी घेतात. म्हणून पुढच्या प्रत्येक करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन सिद्ध झालेल्या कंपनीला लवादाचा हक्क नसेल, आणि पीडितांना मूळ कंपनीच्या देशात, म्हणजे आपल्या न्यायालयांतही, दावा लावता येईल.

आपला,
एक वाचक