बटण दाबलं, आवाज आला, पुढे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत साउंड इन्स्टॉलेशनवर (म्हणजे एखाद्या जागेत आवाज मांडून केलेल्या कलाकृतींवर) जो लेख आलाय तो वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्यू, कारण यावर मराठीत फारसं कोणी लिहीतच नाही. पण खरं सांगू का, लेखात रंगीत लाइट आणि सेल्फी काढणारी पोरंच जास्त होती, तिथे ऐकू काय येतं याबद्दल एक ओळ नाही! आवाजाच्या कलेवरचा लेख आणि आवाजच गायब.

दुसरं म्हणजे "प्रेक्षकांचा सहभाग" हा शब्द लेखात सात-आठ वेळा आलाय, पण सहभाग म्हणजे सेन्सरसमोर हात हलवला की टिंग वाजणार एवढंच असेल तर मग दारावरची बेल पण कलाच म्हणायची की. मी अशी एक इन्स्टॉलेशन बघितली (बघितली म्हणतोय बघा, ऐकली म्हणायला हवं), वीसेक जण एकाच वेळी हात नाचवत होते, नुसता गोंगाट, आपला आवाज कुठला तेच कळेना, मिनिटभरात सगळे बाहेर.

उलट अमेरिकन कलाकार लॉरी अँडरसनचं १९७८ चं हँडफोन टेबल घ्या. साधं लाकडी टेबल, दोन माणसं समोरासमोर बसणार. टेबलावर कोपरं टेकवायची, हातांनी कान झाकायचे, की टेबलातली कंपनं हाताच्या हाडांतून थेट कानापर्यंत येतात आणि संगीत ऐकू येतं. बाजूला उभ्या असलेल्याला काय दिसतं, तर डोकं धरून बसलेली दोन माणसं! म्हणजे ऐकायचं असेल तर बसावंच लागतं, फोटो काढायला हात मोकळेच नाहीत. मला ही आयडिया जाम आवडते.

किंवा कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधले २०११ चे २१ झोपाळे. एकट्याने झोका घेतला तरी सूर वाजतो, पण काही धून अशा की त्या अनेक जणांनी मिळून, एकमेकांशी जुळवून झोके घेतले तरच निघतात. मग अनोळखी माणसाकडे बघावं लागतं, त्याचा वेग पकडावा लागतो. याला मी सहभाग म्हणेन. डेव्हिड रोकबी या कॅनडाच्या कलाकाराने तर १९८० च्या दशकातच कॅमेरा आणि कॉम्प्युटर जोडून माणसाच्या हालचालींवर आवाज निघतील अशी सिस्टिम केली होती, त्यामुळे लेखात हे सगळं "एकदम नवीन" म्हटलंय ते पण पटलं नाही. मॅक्स न्यूहाउस हा अमेरिकन कलाकार तर १९६६ मध्येच न्यूयॉर्कच्या रेडिओ स्टेशनवर फोन करणाऱ्या लोकांचे आवाज मिसळून लाइव्ह ऐकवत होता, तेव्हा कुठले सेन्सर आणि कुठलं काय.

आयोजकांनाही एक सांगायचंय. दोन इन्स्टॉलेशन शेजारी शेजारी, मध्ये नुसता पडदा, असं का करता? चित्रं भिंतीवर शेजारी चालतात, आवाज पडद्यातून पलीकडे जातो हो. आणि एका वेळी किती जणांना आत सोडायचं ते कलाकाराला विचारून ठरवा, रांग लांब झाली तर होऊ दे. सेन्सर बंद पडला तर निदान तसा कागद तरी चिकटवा, मी एका ठिकाणी दहा मिनिटं रिकाम्या भिंतीसमोर हातवारे करत होतो आणि मागचे लोक पण माझं बघून तेच करायला लागले.

पुढच्या वेळी पुरवणीत फोटो थोडा छोटा छापा आणि आत काय ऐकू आलं, ते कळायला किती वेळ थांबावं लागलं, हे पण लिहा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक