लॅपटॉप निवडून देणाऱ्या भाऊंना पत्र

आदरणीय भाऊ,
सादर नमस्कार.

सोयाबीनच्या पैशातून बाबांनी माझ्या लॅपटॉपसाठी साठ हजार रुपये बाजूला काढले आणि दिवाळीला आपण गावी आलेले आहात असे कळताच मी आपल्या घरी आले. हा पैसा चुकीच्या वस्तूवर गेला तर पुढच्या हंगामापर्यंत भरून निघणार नाही, हे मी न सांगताच आपण ओळखलेत, याबद्दल सर्वांत आधी आपले आभार मानते.

कोणता लॅपटॉप चांगला, एवढेच मला विचारायचे होते. आपण मात्र जिनिंगच्या पावतीमागे अँड्रॉइड, विंडोज, वेब आणि आयफोन अशी चार नावे लिहिलीत, आणि मी बनवत असलेला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाचा, संगणकी खेळ यांपैकी कुठे, कधी चालायला हवा, ते माझ्याच हाताने लिहून घेतलेत. आयफोनपुढे मी ‘नंतर’ लिहिले आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला. आयफोनचे ॲप बांधायला लागणारे एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर, म्हणजे ॲपलच्या संगणकावर, चालते, म्हणून अनेकांनी मला मॅकच घ्यायला सांगितले होते. पण युनिटी किंवा गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खेळाचा बहुतेक कोड सगळीकडे तोच राहतो, विंडोजवरून विंडोज, अँड्रॉइड व वेब या तिन्हींसाठी खेळ तयार होतो, आणि आयफोनची वेळ येईल तेव्हा शेवटच्या बांधणीपुरता जुना मॅक मिनी घेता येतो किंवा इंटरनेटवरून मॅक भाड्याने मिळतो, हे इतक्या स्वच्छपणे मला कोणी सांगितले नव्हते.

नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात पातळ, चकचकीत लॅपटॉपवर माझे मन बसले होते. त्यातली ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, आतल्या मुख्य बोर्डालाच (मदरबोर्डला) कायमची जोडलेली होती, म्हणजे पुढे वाढवण्याची सोय नव्हती. आपण तो बाजूला ठेवायला लावलात आणि दुसऱ्या, जाडजूड लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून मागितलेत. आत १६ जीबी रॅमची एक पट्टी, शेजारी आणखी एका पट्टीसाठी रिकामा स्लॉट, फायली साठवायला ५१२ जीबीची एसएसडी आणि पडद्यावरची चित्रे काढणारे ४ जीबीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड होते. त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून आपण म्हणालात, “ही जागा पुढच्या वर्षीच्या सोयाबीनसाठी.” बाबांना रॅम म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण ते वाक्य त्यांना लगेच समजले.

आमच्याकडच्या उन्हाचा आणि विजेचा विचारही आपणच केलात. बहुतेक लॅपटॉप सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात आमच्या टिनाखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून जड काम पहाटे उरकायचे आणि मागची बाजू लाकडी पट्टीवर उचलून ठेवायची, हा आपला सल्ला मी आजही पाळते. वीज गेल्यावर बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाची ताकद उतरते, हेही आपण आधीच सांगितल्याने मी त्या वेळेत केवळ कोड लिहिते.

पण सर्वांत मोठे ऋण वेगळेच आहे. “खेळ लॅपटॉपवर नव्हे, आईच्या फोनवर तपास,” असे आपण निघताना बजावले होते. लाकडी बैलाच्या झुलीचे चित्र मी ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे केले होते. लॅपटॉपवर ते सुरेख दिसे. आईच्या ३ जीबी रॅमच्या फोनवर मात्र झूल निवडली की खेळ बंद पडे. कॉम्प्रेस करून लहान न केलेले असे एक चित्र सुमारे ६४ एमबी मेमरी घेते, आणि मी तशा बारा झुली एकदम उघडत होते. चित्रे १०२४ वर आणताच प्रत्येकी ४ एमबी पुरू लागली, आणि त्या लहान पडद्यावर फरक आईलाही दिसला नाही, मलाही नाही.

परवा आईने स्वतः खेळातल्या बैलाला बाशिंग बांधले, हिरवी झूल चढवली आणि तो तोरणापर्यंत न अडखळता चालत नेला. खेळ आपल्या फोनवर पाठवत आहे. कुठे अडकला तर कृपया कळवावे.

आपली धाकटी बहीण,
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ