गेलो की गेले?

प्रिय मन्या,

तुझ्या मेसेजला रिप्लाय राहिला, सॉरी. फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही म्हणून लिहितोच.

तू मागे लागलेलास ते 'थ्री बॉडी प्रॉब्लेम', ती चिनी सायन्स फिक्शन कादंबरी, संपवलं एकदाचं. भारी आहे रे, नाही म्हणत नाही. त्यातल्या व्हिडिओ गेममध्ये सम्राट ३ कोटी सैनिक मैदानात उभे करतो आणि हातात काळी-पांढरी निशाणं देऊन माणसांचाच कॉम्प्युटर बनवतो, ते वाचून मी रात्री दीडला उठून बसलो. पण माणसं? ती शास्त्रज्ञ ये वनज्ये सोडली (डोळ्यांदेखत बापाला मारतात तिच्या, ते विसरणं शक्य नाही) तर बाकीचे नुसते थिअरी सांगायला आलेत.

मग लगेच अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनबाईंचं 'लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' घेतलं, १९६९चं. बर्फाळ ग्रह, तिथली माणसं एरवी ना बाई ना पुरुष, महिन्यातले थोडे दिवस काय ते होतात आणि कोण काय होईल हेही आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे राजा गरोदर राहिला तरी कुणाला नवल नाही. सुरुवातीला कंटाळलो, खरं सांगतो, नावं लक्षात राहीनात आणि राजकारण संपेना. पण नंतर पृथ्वीवरून आलेला दूत जेन्ली आणि त्या ग्रहावरचाच एस्ट्राव्हेन दोघंच स्लेज ओढत ऐंशीएक दिवस बर्फातून जातात ना, तिथे मला पुस्तक खाली ठेववेना.

आता तुझ्या कामाचं. तू याचं मराठी करायचं म्हणत होतास. बाईंनी तिथल्या सगळ्यांना इंग्रजीतलं 'he', म्हणजे 'तो', म्हटलं आणि पुढे त्याचा त्यांना स्वतःलाच पस्तावा झाला, पण आपली पंचाईत त्याहून मोठी. एस्ट्राव्हेनची डायरी 'आय'मध्ये आहे, इंग्रजीत त्या 'आय'ला लिंगच नाही. मराठीत 'मी खाल्लं', 'मी पाहिलं' इथवर निभतं, 'मी जाईन'ही चालतं, पण साधं 'झोपलो' की 'झोपले' आलं की संपलं! आणि गंमत बघ, बर्फावर दोघंच असतात तेव्हा बरंचसं 'आम्ही'त बसतं. आम्ही निघालो, आम्ही थांबलो. बाई असो, पुरुष असो, कुणीही म्हणावं.

पण एस्ट्राव्हेन एकटाच जागा असताना लिहितो तिथे काय करशील?

पुस्तक कुरियर करतोय. चहाचा डाग माझा नाही, जुन्या बाजारातून आणलं तेव्हापासूनच आहे.

तुझा,
बाळ्या