बिटाची गाडी, एकवीस मिलिमीटर आणि तुझा लेथ

वॉटरफर्ड, आयर्लंड
१८ जानेवारी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला खेळण्यातल्या रेल्वेचा नाद लागावा आणि तोसुद्धा एखाद्या डौलदार मेलगाडीचा नव्हे, तर बीट वाहणाऱ्या मालगाडीचा, याचे तुला हसू आले, असे तू लिहितोस. हसू येणे रास्तच आहे. तरी या पत्रात मी त्याचे सविस्तर उत्तर देणार आहे, आणि उत्तरात माझा थोडा स्वार्थही आहे. तुझ्या लेथकडे माझे एक काम आहे. ते शेवटी सांगतो.

मी राहतो त्या वॉटरफर्डहून पॅसेज ईस्टला जावे, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून बॅलीहॅकला उतरावे आणि पुढे शेतांमधून गाडी हाकत राहावे, म्हणजे वेक्सफर्ड परगण्यातले वेलिंग्टनब्रिज हे छोटे गाव लागते. (नाव वाचून तुला असईची लढाई आठवेल. ती जिंकणारा वेलस्ली डब्लिनचाच, आणि पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. आयरिश भाषेत मात्र या गावाच्या नावात त्याला जागा नाही. तिथे ते नुसते ओइनचा पूल आहे. इथल्या स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत असल्यामुळे माझ्या मॉडेलवरही दोन्ही नावे रंगवावी लागली.) या गावातून रोसलेअर बंदराकडे जाणारा एकेरी लोहमार्ग १९०६ साली सुरू झाला. त्याच मार्गावर बॅरो नदीवरचा सुमारे ६५० मीटर लांबीचा पूल आहे आणि जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा एक गाळा फिरता केलेला होता. गाव लहान, उतारू मोजके. वर्षातले आठ-नऊ महिने तिथे काही घडत नसे. पण पावसाळी शरद ऋतू लागला की, आजूबाजूच्या शेतांतून ट्रॅक्टर भरभरून साखरेचे बीट येऊ लागे आणि त्या आडवळणाच्या स्टेशनाला आपल्या साखर कारखान्याच्या काट्यावर असते तशी कळा येई.

हे बीट आपल्या कोशिंबिरीतल्या बिटासारखे लाल नसते, हे आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या मॉडेलचे छायाचित्र पाहून वहिनी ‘हे तर मुळे दिसतात’ म्हणाल्याचे तू कळवले होतेस. त्या बरोबर म्हणाल्या. ते मळकट पांढरे आणि टोकाकडे निमुळते असून अंगावर चिखल वागवीत येते. ते पिळतही नाहीत. धुऊन त्याचे पातळ काप करतात आणि गरम पाण्यात त्यांतली गोडी उतरवून घेतात. राहिलेला चोथा गुरांच्या पोटात जातो. तरीही मला ‘गळीत हंगाम’ याखेरीज दुसरा शब्द सुचत नाही. तुझे मामा साखर कारखान्यात चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे) होते, त्यामुळे काटा, उतारा आणि वजावट या शब्दांवर आपण लहानपणी कितीतरी भांडणे ऐकली. इथेही शेतकऱ्याच्या मालातली माती किती आणि साखर किती हे कारखानाच नमुना काढून ठरवी. माणसे बदलली तरी कुरबुरीचा विषय तोच.

आयर्लंडमधला पहिला टिकलेला बीटसाखर कारखाना कार्लो येथे १९२६ साली निघाला. पुढे सरकारने साखर कंपनी आपल्याकडे घेतली आणि १९३४ च्या सुमारास मॅलो, थर्ल्स आणि तुआम येथे आणखी तीन कारखाने उभे केले. चारही गावे रेल्वेवर होती. बीट हे नाशिवंत, जड आणि स्वस्त पीक. ते ठरावीक तीन-चार महिन्यांत हलवावेच लागते, आणि त्याच महिन्यांत ग्रामीण रस्ते चिखलाने भरलेले असतात. त्यामुळे रेल्वेचे आणि साखरेचे चांगले जमले. १९८० च्या दशकात तुआम आणि थर्ल्स बंद पडले. तेव्हा वेलिंग्टनब्रिजचे बीट वॉटरफर्ड, क्लॉनमेल, काहीर, टिपररी आणि लिमरिक जंक्शन असा मोठा पल्ला मारून मॅलोला जाऊ लागले. मला मॉडेल करायची आहे ती हीच गाडी.

आता तिच्या वाघिणीविषयी, म्हणजे मालडब्याविषयी, लिहितो, कारण माझा जीव खरा तिथे अडकला आहे. १९५० च्या दशकात ऑलिव्हर बुलीड हे नामांकित इंजिनिअर आयर्लंडच्या रेल्वेत मुख्य यांत्रिक अभियंता होते. कोळशाऐवजी दलदलीतल्या पीटवर (खणून वाळवलेल्या जळाऊ मातीवर) चालणारे एक चमत्कारिक इंजिन त्यांनी १९५७ साली इंचिकोरच्या कारखान्यात बांधले; ते चालले, पण त्याच्यामागून तसे दुसरे झाले नाही. त्यांच्याच काळात पन्हाळी पत्र्याच्या बाजू असलेल्या उघड्या वाघिणी मोठ्या संख्येने तयार झाल्या. तीस वर्षांनी त्या जुन्या झाल्या, तेव्हा रेल्वेने त्या भंगारात न घालता त्यांच्या पेट्या काढल्या, एका पेटीवर दुसरी उलगडलेली पेटी चढवून उंच भिंती केल्या आणि हा दुमजली डबा चार चाकांच्या सांगाड्यावर बसवला. बीट हलके नसले तरी जागा फार खाते, म्हणून उंची वाढवण्यात शहाणपण होते. दिसायला ही वाघीण अगदी ओबडधोबड: मधोमध जोडाची आडवी रेघ, खालच्या पत्र्यावर एक गंज, वरच्यावर दुसरा, आणि त्यावर चिखलाचे ओघळ. सोलापुरात कोणी असा डबा बांधला असता, तर आपण त्याला ‘जुगाड’ म्हणून मोकळे झालो असतो. मला मात्र त्यात गरीब रेल्वेची काटकसर आणि कारागिराची अक्कल दोन्ही दिसतात, आणि रंगवायला याहून आनंदाची वस्तू मी अद्याप पाहिलेली नाही.

माझे प्रमाण आहे एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण शहात्तरास एक. हातभर लांबीचे बीट तर नसतेच. दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा कंद या प्रमाणात दीड मिलिमीटरचा होतो. म्हणजे मोहरी! मी मोठ्या खुशीत घरातली मोहरी घेतली, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने वाघिणींत चिकटवली, वर मातकट रंगाचा हात द्यायचे दुसऱ्या दिवसावर ठेवले आणि कामावर निघून गेलो. ऑफिसच्या गडबडीत चार दिवस तिकडे बघायला झाले नाही. शनिवारी पाहतो तो सहा वाघिणींतून हिरवे कोंब वर आले होते. सौ.ने त्याची भाजी करण्याची तयारी दाखवली. आता मी मोहरी आधी कोरड्या तव्यावर भाजून घेतो.

आता रुळांच्या रुंदीचा प्रश्न, ज्यावरून माझी झोप उडाली आहे. कुर्डूवाडीच्या फलाटावर उभे राहून आपण बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आणि पलीकडची ब्रॉडगेज यांच्यामध्ये हमालांना पोती वाहताना किती वेळा पाहिले! रुळांचे अंतर जुळले नाही तर माणसाची पाठ मोडते, हे आपल्याला तेव्हाच कळले होते. आयर्लंडने ही चूक सुरुवातीलाच, आणि तीनदा केली. १८३४ साली डब्लिनहून निघालेली पहिली रेल्वे ४ फूट साडेआठ इंचांवर धावली. अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच घेतले. डब्लिन आणि ड्रॉहेडा यांच्यामधल्या कंपनीने ५ फूट २ इंच. शेवटी मेजर-जनरल पास्ली यांच्याकडे निवाडा गेला, आणि त्यांनी तिघांपैकी कोणाचेही माप न घेता ५ फूट ३ इंच ठरवले. १८४६ च्या कायद्याने ते पक्के झाले. ब्राझीलमध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात हेच माप पोहोचले. ब्रिटनमध्ये मात्र नाही. परिणामी आयर्लंडची वाघीण समुद्र ओलांडून ब्रिटनच्या रुळांवर कधी धावली नाही. बंदरावर माल उतरवावाच लागला.

मॉडेलवाल्याची अडचण इथून सुरू होते. बाजारात तयार मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. चार मिलिमीटरच्या प्रमाणात ते ४ फूट दीड इंच भरतात. म्हणजे ब्रिटिश गाडीलाही ते अरुंदच. आयरिश गाडीला तर १ फूट दीड इंचाने अरुंद. समोरून पाहिले की, रुंद अंगाचे इंजिन बारक्या पायांवर उभे असल्यासारखे दिसते. बहुतेक आयरिश मॉडेलकार हे चालवून घेतात, आणि त्यांना मी दोष देत नाही, कारण तयार इंजिने, तयार सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), तयार सर्व काही त्याच मापात मिळते. मर्फी मॉडेल्सची देखणी डिझेल इंजिने मीही याच मापात विकत घेतली. परंतु ५ फूट ३ इंचांचे खरे माप होते बरोबर २१ मिलिमीटर. इतका पूर्णांकी हिशोब नियतीने समोर ठेवल्यावर १६.५ वर समाधान मानणे मला अवघड गेले. माझे स्टेशन छोटे आहे: एक मुख्य रूळ, एक पासिंग लूप (समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देण्याचा जोडरूळ), माल भरण्याची बाजूची सायडिंग आणि मोजके सांधे. ते मी हाताने, एकेक खिळा ठोकून करतो आहे. मोठा यार्ड असता तर हा हट्ट धरला नसता.

सिग्नल हाताचे, तारेने ओढायचे आहेत. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला अधिकार म्हणून आपल्याकडे गोळा देत, तशी इथे धातूची दांडी देत असत. मॉडेलमधल्या सिग्नलमनच्या हातात ती दांडी दिली आहे. ती भिंगाशिवाय दिसत नाही आणि कोणी विचारत नाही, पण आहे.

आता तुझ्यासारख्या यंत्रवेड्याला आवडेल असा एक प्रकार सांगतो, जरी तो माझ्या स्टेशनाशी संबंधित नाही. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीच्या (बिअरच्या कारखान्याच्या) आवारात १ फूट १० इंच रुळांची खासगी रेल्वे होती. तिथला चढ इतका की, दोन पातळ्या जोडायला जमिनीखाली गोल गोल वळणारा बोगदा खोदला होता. सॅम्युएल गेगन या अभियंत्याने तिच्यासाठी बुटकी इंजिने रचली आणि धूळ-चिखल लागू नये म्हणून सिलिंडर चक्क बॉयलरच्या वर बसवले. पण खरी गंमत पुढेच आहे. ब्रुअरीतून किंग्ज्ब्रिज स्टेशनाच्या मालधक्क्यापर्यंत मात्र ५ फूट ३ इंचांचे रूळ होते. तिथे वेगळे इंजिन न घेता गेगनने हे छोटे इंजिन यारीने उचलून एका रुंद चाकांच्या, मधून पोकळ गाडीत ठेवण्याची सोय केली. इंजिनाची चाके आत जागच्या जागी फिरत, त्यांची गती दंतचक्रांतून गाडीच्या मोठ्या चाकांना मिळे, आणि एक इंजिन दुसऱ्याच्या पोटात बसून पिंपांच्या वाघिणी ओढीत रस्त्यावरून निघे. मला ते पहिल्यांदा कळले तेव्हा कुर्डूवाडीचे हमाल आठवले. त्यांची पाठ वाचवायला कोणी गेगन आला नाही.

असे काही वाचले की, मॉडेलवर सगळेच आणावेसे वाटते. गोलाकार टाक्यांच्या सिमेंटच्या वाघिणी, ज्यांना इथे ‘बबल’ म्हणतात. नाव्हनच्या खाणीतून डब्लिन बंदराकडे जाणारे जस्ताचे खनिज. कॉर्कजवळच्या मरीनो पॉइंटहून आर्क्लोच्या खत कारखान्याकडे, वाटेत डब्लिन शहर ओलांडून, जाणाऱ्या अमोनियाच्या टाक्या. त्याहून जुन्या, मधल्या छताला नुसते कॅनव्हास असलेल्या आणि त्यामुळे आज गुरे तर उद्या पोती वाहणाऱ्या वाघिणी. पुष्कळ मंडळी हे सर्व एका टेबलावर फिरवतात आणि पाहणाऱ्यांना ते आवडते. मला ते लग्नाच्या पंगतीत एकाच पानावर श्रीखंड, तांबडा रस्सा आणि आइस्क्रीम वाढल्यासारखे वाटते. अमोनियाची गाडी वेलिंग्टनब्रिजला येण्याचे कारण नव्हते; मग माझ्याकडेही ती येणार नाही. मी साल धरले आहे १९९०, महिना नोव्हेंबर. नारिंगी-काळ्या रंगाची, अमेरिकेत बांधलेली दोन १४१ वर्गाची डिझेल इंजिने जोडीने उभी आहेत, मागे बारा वाघिणी, आणि ट्रॅक्टर माल ओततो आहे. गाडी बहुतेक वेळ उभीच असते. पाहुण्यांच्या मुलांची त्यामुळे निराशा होते, याची कल्पना आहे. पण मालगाडीचे आयुष्य उभे राहण्यातच जाते, हे मिरज-कुर्डूवाडी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

पुढचे तुला ठाऊक असेल. युरोपीय संघाने साखरेची हमी किंमत टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवायचे ठरवले, कार्लो २००५ मध्ये बंद झाला, आणि भरपाई घेऊन देशाने आपला साखरेचा कोटाच सोडून दिला. शेवटची बिटाची गाडी जानेवारी २००६ मध्ये गेली. मॅलोचा कारखानाही त्याच वर्षी मिटला. बीट गेल्यावर त्या मार्गाला उतारूंच्या आधारावर चार वर्षे काढता आली, आणि सप्टेंबर २०१० मध्ये तीही गाडी थांबली. मी आयर्लंडला आलो तो त्यानंतर. म्हणजे ज्या गाडीसाठी एवढा खटाटोप चालला आहे, ती मी डोळ्यांनी कधी पाहिलेली नाही. छायाचित्रे, नकाशे आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या गप्पा एवढेच भांडवल आहे. त्यांतल्या एकाने माझी वाघीण हातात घेऊन बराच वेळ फिरवली आणि माती कमी आहे, असा शेरा दिला. वाढवली.

आता काम. तयार वाघिणींच्या धुऱ्या (चाकांची जोडी ज्यावर बसते त्या दांड्या) २६ मिलिमीटर लांबीच्या येतात. २१ मिलिमीटरच्या रुळांवर चाके बाहेर सरकवली की, टोकांना जागा पुरत नाही. मला २८ मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर व्यासाच्या, दोन्हीकडे सुईसारखे टोक काढलेल्या पोलादी धुऱ्या हव्या आहेत. बारा वाघिणींच्या चोवीस होतात. हरवणाऱ्या धरून तीस कर. टोकांचा कोन नमुन्याबरहुकूम असावा, म्हणून दोन मूळ धुऱ्या या पाकिटात कागदाला चिकटवून पाठवल्या आहेत, पाकीट उघडताना सांभाळ. पैशाचे तू काही बोलणार नाहीस हे माहीत आहे, तेव्हा मीही बोलत नाही. त्याबदल्यात गेगनच्या त्या गाडीची मोजमापे असलेली आकृती मी काढून पाठवीन, कारण ती वाचल्यावर तू तिचे चालते मॉडेल केल्याशिवाय राहणार नाहीस.

चि. मुलांना आशीर्वाद. वहिनींना नमस्कार सांग आणि मोहरीची हकीकतही सांग. मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ इकडे येणार आहे. धुऱ्या तोपर्यंत झाल्या तर त्याच्याबरोबर दे.

तुझा,
विश्वास