आमोस ओझ यांच्या कादंबऱ्यांतले घर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील, हिब्रूत लिहिणारे इस्रायली कादंबरीकार आमोस ओझ यांच्यावरील लेख वाचला. १९६७च्या युद्धानंतर इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांबाबतची त्यांची भूमिका, १९७८ सालची ‘पीस नाऊ’ ही शांततावादी चळवळ आणि इस्रायल व पॅलेस्टाइन अशा दोन राष्ट्रांचा त्यांचा आग्रह यांची मांडणी नेटकी आहे. परंतु कादंबरीकार ओझ त्यात जवळजवळ सापडतच नाहीत.

त्यांच्या लेखनाचे मूळ जेरुसलेममधील केरेम अव्राहाम वस्तीतल्या, पुस्तकांनी खच्चून भरलेल्या एका लहानशा घरात आहे. ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या वडिलांना अनेक भाषा वाचता येत, पण मुलाला त्यांनी फक्त हिब्रूच शिकवली. जानेवारी १९५२मध्ये आई फानिया यांनी आत्महत्या केली, तेव्हा ओझ बारा वर्षांचे होते. त्यानंतर वडिलांच्या मृत्यूपर्यंत बापलेक तिच्याविषयी एकमेकांशी एकदाही बोलले नाहीत, असे त्यांनीच नमूद केले आहे. पुढे किशोरवयातच घराण्याच्या उजव्या राजकारणाकडे पाठ फिरवून ते हुल्दा किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीवर चालणाऱ्या वसाहतीत, राहायला गेले आणि क्लाउस्नर हे आडनावही त्यांनी टाकले. आईच्या मृत्यूची हकिकत ‘अ टेल ऑफ लव्ह अँड डार्कनेस’ या आत्मकथनात आली ती २००२ साली. तरीही ‘माय मायकेल’ या कादंबरीतील (१९६८), सालस नवऱ्याच्या संसारात राहून हळूहळू स्वप्नांत हरवत जाणारी हाना वाचताना फानिया तेथे आधीच येऊन गेल्या आहेत, असे मला वाटते. समीक्षक याला पुरावा मागतील. माझ्याजवळ वाचनाखेरीज दुसरा पुरावा नाही.

लेखकाला राजकारणाच्या अंगानेच पाहायचे, तर या आत्मकथनाच्या अरबी अनुवादाची हकिकत तरी यायला हवी होती. जॉर्ज खूरी हा अरब विद्यार्थी २००४ साली जेरुसलेममध्ये धावण्याचा व्यायाम करत असताना पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी ज्यू समजून त्याला ठार केले. त्याचे वडील, वकील इलियास खूरी, यांनी स्वतःचे वडील १९७५च्या जेरुसलेममधील बॉम्बस्फोटात गमावले होते. त्याच इलियास यांनी पदरचे पैसे घालून हा अनुवाद करवून घेतला आणि तो मुलाच्या स्मृतीला अर्पण केला. अरब वाचकांनी ज्यूंची कहाणी आतून वाचावी, ही त्यांची इच्छा होती. ओझ यांच्या साऱ्या राजकीय निबंधांपेक्षा ही एक घटना मला अधिक बोलकी वाटते.

आणखी एक गोष्ट लेखात नाही, आणि ती सोयीस्करपणे वगळली गेली असावी अशी शंका येते. ओझ २०१८मध्ये वारले. २०२१ साली त्यांची मुलगी गालिया यांनी आपल्या पुस्तकात, वडील आपल्याला मारहाण करीत आणि अपमानित करीत, असा आरोप केला. आई आणि भावंडांनी आपला अनुभव निराळा असल्याचे सांगितले. खरेखोटे ठरवणे तुमच्या-माझ्या हाती नाही. परंतु ज्या लेखकाने आयुष्यभर बंद दारांआडच्या कुटुंबांवर लिहिले, त्याच्या परिचयात स्वतःच्या मुलीचे हे म्हणणे एका वाक्यानेही येऊ नये, हे मला पटले नाही.

आपला,
एक वाचक, पुणे